आधी आत काय आहे ते बघू

लोणावळ्यात ऐन जुलैत गाडीची काच धाडकन दारात उतरली आणि वर यायचं नाव घेईना, तर साधा माणूस काय करतो? खिडकीला प्लॅस्टिकची पिशवी चिकटपट्टीनं लावतो आणि पिंपरी-चिंचवडचं वर्कशॉप गाठतो. तिथला इस्त्रीच्या शर्टातला मुलगा संगणकात बघून सांगतो, की तुटलंय ते बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिक, पण ते सुटं मिळत नाही. अख्खी काच मशीन बदलावी लागेल. आणि ती मागवावी लागेल. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावात ‘मागवावी लागेल’ म्हणजे सीटवर शेवाळ धरेपर्यंत थांबा. मावळातला एक खास माणूस या दोन शब्दांनीच घडवला आहे.

तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, लोकलच्या कुठल्याही स्टेशनावर उतरा, तो भेटेलच. वयानं साठीच्या पुढचा. देहूरोडच्या डेपोत, चाकणच्या कारखान्यात नाहीतर रेल्वेत हात काळे करून निवृत्त झालेला. आमच्या आळीतले काका रेल्वेतले. कर्जतहून घाट चढताना गाड्यांना मागून रेटणारी बँकर इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे ‘डेक्कन क्वीन वर आणली, ही काच काय वर येत नाही?’ हा त्यांचा युक्तिवाद. त्यापुढे बोलणार कोण?

काकांना पैसे वाचवायचे असतात असा लोकांचा समज आहे. तो साफ चुकीचा. एका काचेपायी त्यांनी पुण्याला जितक्या खेपा मारल्या, त्या भाड्यात काच मशीन घरपोच आली असती. गाडी नीट व्हावी अशीसुद्धा त्यांना फार घाई नसते. त्यांना उघडायचं असतं. बंद वस्तू दिसली की त्यांचा जीव तळमळतो. ‘आधी आत काय आहे ते तर बघू,’ म्हणून ते बाह्या सरसावतात, तेव्हा चेहऱ्यावर जे तेज येतं ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही. हे मत काकूंचं.

आणि उघडतात मात्र देखणं. डोअर पॅड काढणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. दिसणारे स्क्रू कोणीही काढेल, खरी गंमत लपवलेल्यांची. एक आतल्या हँडलच्या वाटीत, छोट्या टोपणाखाली. एक हात टेकायच्या कप्प्यात. आरशाजवळचा तिकोनी तुकडा नुसता ओढला की निघतो, पण ओढायचा धीर हवा. काच फिरवायच्या हँडलमागे तारेची घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. मारुती ८०० च्या जमान्यापासून ती काढायची रीत एकच: हँडलच्या मागे जुनं फडकं घालायचं आणि बूट पुसल्यागत इकडून तिकडे ओढायचं. क्लिप टुणकन उडते. ती कुठे जाते हा पुढचा विषय.

मग पॅडच्या कडेच्या क्लिपा. त्या उचकटायला बाजारात प्लॅस्टिकची हत्यारं मिळतात. काका ती घेत नाहीत. घरात उलथनं आहे. उलथन्याला फडकं गुंडाळलं की रंगाला ओरखडा जात नाही, शिवाय धरायला लांब दांडा. एरवी त्यांची हत्यारं म्हणजे एक पक्कड, एक टेस्टर, दहा-अकराचा पाना आणि जुन्या स्पीकरचा लोहचुंबक, दोरीला बांधलेला. दारात पडलेला बोल्ट त्यानं विहिरीतून बादली काढावी तसा वर येतो.

एक गोष्ट मात्र मी काकांकडूनच शिकलो आणि ती चांगल्या चांगल्यांना ठाऊक नसते. पॅडच्या मागे पत्र्याला काळ्या चिकट गोंदानं लावलेला प्लॅस्टिकचा पडदा असतो. कंपनीनं उगाच लावलाय म्हणून लोक तो फाडून टाकतात. काचेच्या फटीतून पाऊस दारात उतरतोच. ते पाणी दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून रस्त्यावर जायला हवं. पडदा नसला की ते आत, तुमच्या पायाशी. आणि ती भोकं मावळच्या चिखलानं बुजली, की गाडी वळताना दारात पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. काका चालत्या गाडीचा हा आवाज ओट्यावर बसून ओळखतात आणि मालकाला हाक मारतात.

काकांच्या लेखी मानवजातीचे दोनच भाग: पाना धरणारे आणि बॅटरी धरणारे. पहिल्या भागात ते एकटे. २०२३ साली अधिक श्रावण आला, पुण्याचा जावई धोंड्याच्या वाणाला आला. आत अनारसे तळले जात होते, आणि नवा शर्ट घातलेला जावई छपराच्या पन्हाळीखाली बॅटरी धरून उभा होता. ‘उजेड इकडं! माझ्या हाताकडं नाही, मी बघतोय तिकडं!’ सासरे कुठे बघतायत हे ओळखण्यात बिचाऱ्याची दुपार गेली. चांदीचं ताट मिळालं, पण जावई अजून लोणावळा म्हटलं की मनगट चोळतो.

ती काच मशीन काकांनी शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तासभर घासाघीस करून घरी आले, लावायला गेले, तर ती निघाली क्लीनर साइडची. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. काका म्हणाले, ‘असू दे, तीही कधीतरी तुटेलच.’ तोवर ड्रायव्हर साइडची काच नायलॉनच्या पाचरीवर वर टेकवून ठेवली. वरसोलीच्या नाक्यावर पैसे द्यायला अख्खं दार उघडून उतरायचे. पुढे फास्टॅग आला आणि काच खाली घ्यायची गरजच उरली नाही. काका याला दुरुस्ती म्हणतात.

२०२२ साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाइल, शेतीची अवजारं, घरातली यंत्रं आणि गाड्या, चारही गोष्टी तिच्या यादीत. मी पेपरातली बातमी कौतुकानं वाचून दाखवली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘हक्क ठीक आहे. सुटा पार्ट देणार का ते लिहिलंय?’ बाकी बातमीत त्यांना रस नव्हता.

हायवेलगतचे गॅरेजवाले काकांच्या नावानं बोटं मोडतात. काकांनी आधी उघडलेली गाडी आली, की मजुरी जास्त सांगतात. पण परवा संध्याकाळी काकांचा फोन वाजला. समोर त्यांतलाच एक, आवाज पडलेला. कुठल्या तरी नव्या गाडीचं डोअर पॅड सगळे स्क्रू काढूनही हलत नव्हतं, आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. ‘काका, आणखी एक कुठंतरी लपवलेला असणार बघा.’

काका उठलेच. ‘हे फोनवर नाही सांगता यायचं. हात लावू नकोस, मी आलो.’

पायात चपला सरकवल्या, छत्री घेतली आणि स्वयंपाकघरात डोकावून काहीतरी उचललं. आतून काकूंचा आवाज आला, ‘अहो, तव्यावर भाकरी आहे! निदान आज तरी ते ठेवून जा!’