बावन्न वजा अडतीस

बावन्नातून अडतीस वजा करा म्हटलं की आमच्या पिढीचा हात आपोआप पाचावर काट मारून डोक्यावर चार लिहितो. दोनातून आठ जात नाहीत, शेजारून दशक उसना घ्या, बारातून आठ गेले, उरले चार. हा उसना घेतलेला दशक कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही. पण गुरुजींना ते विचारायची प्राज्ञा होती कुणाची?

प्रशिक्षणात हेच उदाहरण फळ्यावर आलं आणि हुकूम सुटला : उभी मांडणी न करता सोडवा. सगळे शिक्षक एकदम गप्प. मग कुणी अडतीसचे चाळीस केले, चाळिसाचे पन्नास, वर दोन, झाले चौदा. बाजारात मोड परत देतात ती अशीच. एका बाईंनी दोन्ही संख्यांत दोन-दोन मिळवून चोपन्न वजा चाळीस केलं. ‘‘हे चालतं?’’ मागून शंकेखोर आवाज आला. चालतं की! दोन वर्षं उलटली म्हणून भावंडांच्या वयातला फरक थोडाच बदलतो?

बाजारातल्या अशा हिशेबांचा अभ्यासही झाला आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या कराहर आणि सहकाऱ्यांनी बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांचे हिशेब तपासले. त्यांचा लेख १९८५ साली आला. गिऱ्हाईक बनून विचारलं तेव्हा मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. तीच आकडेमोड कागदावर दिली, तर जेमतेम ३७ टक्के. एकाला ३५ क्रुझेरोचे दहा नारळ कितीला, असं विचारलं. पठ्ठ्याने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात तीन-तीन वाढवत ३१५ गाठले आणि शेवटी एक मिळवून ३५० सांगितले. पुढे शून्य जोडायची शाळेची युक्ती त्याने वापरलीच नाही.

प्रशिक्षणातल्या युक्त्या शिकणं आम्हा शिक्षकांना फारसं जड गेलं नाही. जड जातं ते पोरगं आडवाटेने निघालं की तोंड मिटून उभं राहणं. माझ्या वर्गातला एक तिसरीतला, घरचं किराणा दुकान, बावन्न वजा अडतीस सोडवताना म्हणाला, ‘‘पन्नासातनं तीस गेले, वीस. दोनातनं आठ द्यायचे, सहा उधार राहिले. विसातनं उधारी फेडली. चौदा.’’ ‘दोनातनं आठ’ ऐकताच माझ्या हातातला खडू वळवळला होता. कारण शेजारचीने आठातून दोन काढून सव्वीस उत्तर आणलं होतं, आणि हाही तिकडेच चालला असं वाटलं. मग त्याला ४०३ वजा १६८ घातलं. तीनशे, त्यात साठ उधार, पाच उधार, दोनशे पस्तीस! मी मात्र कागद घेऊन बसले.

वेगवेगळ्या रीतींचा अतिरेकही होतो. काही ठिकाणी आता एकच उदाहरण चार-चार रीतींनी सोडवून आणायला सांगतात. म्हणजे घोकंपट्टी तीच, गृहपाठ चौपट. ज्याला मण्यांच्या माळेवर उड्या मारून उत्तर मिळतं, त्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे कशाला सोडायला लावायचे?

वहीत मात्र शतक-दशक-एककाची चौकट आखलेली असते. ‘‘बाई, यात उधारी कुठं लिहू?’’ किराणावाल्याने विचारलं. समासात लिही म्हटलं. आता चार-पाच वह्यांच्या समासात उधाऱ्या दिसतात. एकीने तर खाली ‘फेडली’ लिहून सहीही केली आहे.