आधी दुसऱ्यानं घ्यावं

सोलापुरात कुणालाही 'मालक' म्हणतात, मालकीचं काही असो वा नसो. आमचे मालक ग्लायडर उडवतात; ग्लायडर मात्र त्यांचा नाही. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाऊन चार घिरट्या मारून येतात आणि पुढं महिनाभर नवी पेठेला हवेत ठेवतात.

विनाइंजिनाचं विमान जणू त्यांच्यासाठीच जन्माला आलंय. पेट्रोलचा खर्च नाही. विंचनं दोर ओढून वर फेकलं की पुढं तापल्या जमिनीवरून उठणारी हवा फुकट. एप्रिलमध्ये सोलापूर करपायला लागलं की बाकीचे ताक शोधतात, मालक "एवढं ऊन वाया चाललंय बे!" म्हणून हळहळतात. पण फुकटात गर्दी आलीच. वर चढणारी हवा सापडली की तिथंच सगळे ग्लायडर घिरट्या घालतात, शिवाय घारी. आवाज कुणाचाच नाही, आणि ग्लायडर समोरून आला तर दिसते ती नुसती बारीक पांढरी रेघ. म्हणून मालकांना टक्कर टाळणारं यंत्र हवंय. स्वस्तातलं.

त्यासाठी एक जाड वही आहे. पहिल्या पानावर लाल शाईत 'फ्लार्म'. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेलं हे यंत्र आपली जागा, उंची आणि पुढच्या काही सेकंदांत आपण कुठं असू, हे रेडिओवरून सतत सांगत राहतं. जवळच्या फ्लार्मचं ऐकतं आणि दोन वाटा एकमेकींना छेदत असतील तरच ओरडतं. शेजारी कुणी गोल फिरतंय एवढ्यावरून बोंब मारत नाही. किमतीच्या रकान्यात फ्रँकचे रुपये केलेत, रुपयांच्या चादरी केल्यात, आणि चादरींचा आकडा इतक्यांदा खोडलाय की तिथं कागदाला भोक पडलंय. पुढच्या पानावर 'सॉफ्टआरएफ': स्वस्तातला बोर्ड आणून घरीच जोडायचा. त्यासमोर शेरा, 'डबी जुनी चालेल. शेंगाचटणीची धुऊन ठेवली आहे.'

पण मालकांची खरी बुद्धी तिसऱ्या पानावर. समोरच्याकडं यंत्र नसेल तर आपलं यंत्र ऐकणार कुणाचं? मग एकट्यानं घेणं म्हणजे पैसे पाण्यात. "आधी दुसऱ्यानं घ्यावं," हा निष्कर्ष दोनदा अधोरेखित. हडपसरचे दुसरेही असंच म्हणतात, हे सांगितलं तर मालक खूश झाले. "म्हणजे आपलं गणित बरोबर आहे!" ब्रिटनमध्ये २०२० साली सरकारनं अशा यंत्रांची निम्मी किंमत, अडीचशे पौंडांपर्यंत, परत द्यायला सुरुवात केली होती. ते कात्रण वहीत चिकटवलंय, आणि आपल्याकडचं अनुदान कधी येतं याची वाट बघणं चालू आहे.

तोवर मान वळवून बघणं, आधीचा ज्या बाजूनं फिरतोय त्याच बाजूनं आपणही फिरणं, एवढ्यावर त्यांचं भागतं. खरं सांगायचं तर यंत्र असलं तरी हे चुकत नाही. आकाशात मालक यात एकदम काटेकोर. जमिनीवर मात्र त्यांच्या स्कूटरला आरसा नाही. नवा बसवला की कुणीतरी फोडतो, म्हणून फुटका पिशवीत ठेवतात. सात रस्त्याला वळताना मान वळवतात, पण ती चहाच्या टपरीवर कोण बसलंय ते बघायला.

होटगी रोडच्या विमानतळाला अडचण म्हणून साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हा अख्खं गाव दोन बाजूंनी भांडत होतं. मालक तिसऱ्याच बाजूला. "अडथळा आपोआप बाजूला झाला की नाही? आपण कुठं यंत्र घेतलंतं?"

परवा एका ओळखीच्या पायलटनं खरोखरच फ्लार्म मागवला. आता तरी घ्या, असं सगळ्यांनी सुचवलं. मालकांनी वही उघडली, नवं पान काढलं, त्या गृहस्थांचं नाव लिहिलं आणि पुढं बारीक अक्षरात टिपलं : वय, डोळ्यांचा नंबर, बायकोचा विरोध.

"हे काय?"

"हा माणूस दोन वर्षांत उडणं सोडतोय बघा. मग सेकंडहँड मिळेल."