धुराला दाम मोजणारे जावई

वऱ्हाडात धुराचा तुटवडा कधीच नव्हता. पऱ्हाटीचा धूर, तुराटीचा धूर, गोवरीचा धूर, पावसाळ्यात ओल्या बाभळीचा धूर; ज्याच्या नशिबी जो असेल तो. हा धूर घराबाहेर घालवायला काय कमी खटाटोप झाले? शेजारच्या वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्यांनी मगन चूल तयार केली. 1983 साली केंद्र सरकारनं निर्धूर चुलींचा देशभर कार्यक्रम काढला. 2016 साली उज्ज्वला योजना आली. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या सासूबाईंच्या घरी सिलिंडर पोचला आणि त्यांनी फुंकणी माळ्यावर टाकली. एवढ्या मेहनतीनं घालवलेला तो धूर परत आणायला आमचे अकोल्याचे साडूभाऊ पदरचे पैसे घेऊन निघाले.

साडूभाऊंनी मोबाइलवर टेक्सासमधली दाढीवाली माणसं पाहिली होती. तिकडे तेलविहिरींवर काम करणाऱ्या वेल्डरांनी उरल्यासुरल्या जाड पाइपांचे स्मोकर बनवले, आणि तेच पुढे तिथलं भूषण झालं. रचना साधी असते. एक आडवं लोखंडी पिंप, एका टोकाला जरा खाली जोडलेली आगीची कोठी, दुसऱ्या टोकाला धुराडं. विस्तव कोठीत राहतो, मटण पिंपात, आणि दोघांची गाठ पडत नाही. मटणाला नुसती ऊब आणि धूर लागतो. आच 107 ते 120 अंशांच्या मधात ठेवायची आणि दहा-बारा तास बसून राहायचं.

मी म्हटलं, "साडूभाऊ, मे महिन्यात अकोला 45 अंशांच्या वर जातं. अर्धा स्वयंपाक तर तुमच्या गच्चीवर असाही होतो."

"म्हणून तं म्हणतो," साडूभाऊ म्हणाले, "बाकीच्या अर्ध्यासाठीच पेटी लागते."

अमरावतीला बडनेरा रोडच्या बाजूला एक फॅब्रिकेशनवाला गाठला. ग्रिल, गेट, ट्रॉली हा त्याचा बारमाही धंदा, आणि होळीपासून कूलर. त्यानं मोबाइलवरचं चित्र आडवं-उभं करून पाहिलं.

"हे कूलरच होय ना भाऊ?"

"नाही हो. यात विस्तव असतो."

"तेच म्हणून राह्यलो मी. कूलरात पाणी, याच्यात इस्तो. हवा इकून आत, तिकून बाहेर. पण हवा ओढन कोण? पंखा कुठी हाय?"

मी सांगितलं की पंखा लागत नाही. तापलेली हवा धुराड्यातून वर चढते आणि मागची हवा आपोआप ओढली जाते.

"म्हंजे लाईन गेली तरी चालते?"

"चालते."

त्यानं मोबाइल परत दिला आणि पहिल्यांदा आमच्यासाठी चहा सांगितला. लाईन गेल्यावरही चालणाऱ्या यंत्राबद्दल वऱ्हाडात खरा आदर आहे.

पण कूलरचा हात कूलरच्याच पत्र्याकडे जातो. त्यानं चकचकीत जीआय पत्रा काढला. त्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या आचेत ते जस्त उडून पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जस्ताच्या भट्टीत शिजवलेलं खाणंही शहाणपणाचं नाही. "काळा पत्रा पाहिजे, तीन मिलिमीटरचा," असं साडूभाऊंनी बजावलं. मग भंगारातलं जुनं बॅरल कापायचा विचार निघाला. यात आधी काय होतं, असं विचारलं तर उत्तर आलं, "काहीतरी होतं." कपाशीच्या मुलखात या उत्तराला भ्यावं. फवारणीचं औषध असेल तर ते धुऊन जाण्याची खात्री नाही. आणि तेलाचं बंद बॅरल असेल तर आत साचलेली वाफ कटरच्या एका ठिणगीनं बॅरलसकट कटरवाल्याला उडवते.

शेवटी नवीन पत्रा घेतला आणि तो गोल वळवून आणायला साडूभाऊ अकोल्याला घेऊन गेले. ज्या रस्त्यानं नेला त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्यावरून आमचा चार फुटांचा पत्रा दिवाळीनंतर गेला आणि संक्रांत झाली तरी परतला नव्हता. मधल्या काळात अकोल्याच्या प्रत्येक पाहुण्यानं त्याला हात लावून "जाड हाय" एवढा अभिप्राय दिला.

फॅब्रिकेशनवाल्यानं एकच तंबी दिली होती. "होळीच्या आत न्या. मंग मी कूलरात असतो." त्या भीतीनं काम उरकलं. कोठीतून येणारी आच पहिल्या हातभर जागेतच सगळं करपवेल हे त्यानं न विचारता ओळखलं आणि आत एक तिरपी पट्टी बसवली. "कूलरची हवा निरी पलंगावरच आली तं बाकीच्याईनं काय करावं?" टेक्सासवालेही अशीच पट्टी बसवतात, पण त्यांच्याकडे एवढं सरळ कारण नसावं. भांडण झालं ते रेड ऑक्साईडवरून. आतून रंग लावायचा नाही हे त्याला पटेना. "गंजन ना भाऊ!" रंगाऐवजी जवसाचं तेल चोपडून तापवायचं ठरलं. जवसाचं तेल तापलं की लोखंडावर घट्ट काळा थर धरतं. तेल सासूबाईंच्या घरून आलं, आणि त्यासोबत मुलीकरवी एक प्रश्नही आला: "जवाईबापूंनी तवा किती मोठा केला म्हणावं?"

पेटी अंगणात येताच गल्लीनं बारसं करून तिचं नाव शकुंतला ठेवलं. लांब पोट, बाजूला आगीची कोठी, टोकाला धुराडं. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची, ती पाहिलेले म्हातारे येऊन "सिग्नल भेटला का?" असं विचारून जाऊ लागले.

अडचण निघाली ती पंचांगात. मटणाला दहा-बारा तास पाहिजेत, म्हणजे सुटीचा दिवस. सोमवार महादेवाचा, गुरुवार शेगावच्या गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार-बुधवार-शुक्रवार ऑफिसचे. उरला रविवार, त्यात एकादशी, चतुर्थी, लग्नं आणि तेरव्या. असा धर्मनिष्ठ स्मोकर टेक्सासमध्ये मिळायचा नाही.

अखेर मोकळा रविवार सापडला. लाकडाची चैन होती. तिकडच्या मेस्काइट लाकडाची चुलतबहीण, विलायती बाभूळ, आपल्या नाल्याकाठी कोणी न लावता उगवते. शिवाय वरुडहून संत्र्याच्या छाटलेल्या, वाळलेल्या फांद्या आणल्या होत्या. साडूभाऊंनी मोबाइलमधलं ऐकून ती सगळी लाकडं रातभर टाक्यात भिजवली, जास्त धूर व्हावा म्हणून. तो झाला. पांढरा, दाट, कडू. धुराडं सोडून सगळीकडून निघाला. पोट्टे खोकत रस्त्यावर पळाले, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. पेटीवरचा तापमानाचा काटा 60 अंशांवर रुसून बसला.

सासूबाई ओसरीवर बसून होत्या. जावयांना थेट चूक म्हणायची पद्धत नाही, म्हणून त्या मुलीला म्हणाल्या, "वल्लं लाकूड धूर देते वं बाई, इस्तो नाही देत. जवाईबापूंचं बरोबरच असन, पण माह्ये डोये कावून झोंबून राह्यले?"

मग पदर खोचून उठल्या. ओली लाकडं काढून टाकली, कोठीचं दार चार बोटं उघडलं, बाभळीचे निखारे पडू दिले आणि वर संत्र्याची वाळकी फांदी ठेवली, एकच. "इस्त्याले दम घेऊ द्या," एवढं म्हणून थांबल्या. थोड्या वेळात धुराड्यातून बारीक, निळसर रेघ निघू लागली आणि काटा आपणहून 110 वर येऊन टेकला. टेक्सासचे दाढीवाले याच निळ्या धुरासाठी बक्षिसं मिळवतात. सासूबाईंना उभ्या जन्मात त्याबद्दल फक्त चष्मा मिळाला.

दुपार झाली तरी मटण कच्चं. पोरं भुकेनं रडकुंडीला आली. सासूबाईंनी जाडसर कणकेचे रोडगे वळले, कोठीत गोवऱ्या टाकून फुलवल्या आणि रोडगे थेट राखेत लोटले. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करते, म्हणजे या पदार्थाला चारशे वर्षांहून जुना दाखला आहे. त्याला काटा लागत नाही. रोडगे फडक्यात घेऊन राख झटकली, फोडले, तूप सोडलं, वर वांग्याची भाजी. सगळे जेवून लवंडले. मटण रात्री शिजलं. उत्तम झालं होतं, हाड नुसतं ओढलं तरी सुटत होतं. पण भूक कोणालाच नव्हती.

आता साडूभाऊ पाहुण्यांना स्मोकर दाखवतात तेव्हा पत्र्याची जाडी, काटा, टेक्सास सगळं सांगतात. सासूबाईंचं नाव येत नाही. धूर फुकट होता तोवर तो बायकांच्या डोळ्यांत जायचा. पैसे मोजून घेतल्यावर तो पुरुषांचा छंद झाला.

तरी कोणाला बनवायचाच असेल तर सांगून ठेवतो. काळा पत्रा घ्या, जस्ताचा घेऊ नका. आत काय होतं ते ठाऊक नसलेल्या बॅरलला हात लावू नका. आतून रंग मारू नका. घरात चूल फुंकलेली बाई असेल तर चित्र आधी तिला दाखवा, आणि पहिलं ताट तिला वाढा. ऑर्डर मात्र दिवाळीतच द्या. होळीनंतर फॅब्रिकेशनवाला कूलरात असतो.