चुकण्यापूर्वीची तारीख

गर्भचाचणीच्या पाकिटावर ‘पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून’ असा जो हुकूम छापलेला असतो, तो लिहिणाऱ्या सद्गृहस्थाची निसर्गाच्या वक्तशीरपणावर अढळ श्रद्धा असली पाहिजे. कारण एखादी गोष्ट चुकावयाची तर ती मुळात मुक्रर झालेली असावी लागते, आणि आम्हा पीसीओएस अर्थात पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमवाल्या स्त्रियांच्या दफ्तरी तशी तारीखच नसते. पाळी कधी पस्तिसाव्या दिवशी येते, कधी साठाव्या, आणि लहर लागली तर तिमाहीच्या तिमाही गैरहजर राहून रजेचा अर्जही धाडीत नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले; त्यामुळे विकाराला नाव लाभले, शिस्त तेवढी राहून गेली.

आमच्या सासूबाई सरळ प्रश्न कधी विचारीत नाहीत. ‘यंदा कैरीचं लोणचं थोडं जास्त घालू का गं?’ एवढेच म्हणतात, आणि मी न्हाणीघराचे दार लावून पट्टीपुढे आरोपीसारखी उभी राहते. पट्टीवर उमटते एकच रेषा. आता, जे एचसीजी नामक द्रव्य ही पट्टी हुडकते, ते गर्भ रुजल्यावाचून पाझरत नाही. रुजणे घडते बीज सुटल्यापासून साधारण सहा ते बारा दिवसांनी. आणि बीज सुटले केव्हा, मुळात सुटले की नाही, याची दाद ना मला, ना पंचांगाला! तेव्हा त्या एकुलत्या रेषेचा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘अद्याप पुरावा दाखल नाही’ इतकाच घ्यावयाचा असतो. बीज सुटण्याची आगाऊ वर्दी देणारी निराळी पट्टी मिळते खरी. परंतु ती ज्या एलएच नामक संप्रेरकावर विसंबते, ते आमच्यापैकी अनेकींत सदाच चढलेले असल्याने ती उठल्यासुटल्या वर्दी देत सुटते.

१९३०च्या दशकात लॅन्सेलॉट हॉगबेन यांच्या संशोधनातून निघालेली एक गर्भचाचणी पुढे पुष्कळ वर्षे रूढ होती: स्त्रीचे मूत्र आफ्रिकेतल्या एका बेडकीला टोचावे, आणि तिने दिवसभरात अंडी घातली की बातमी पक्की समजावी. हुकुमाबरहुकूम शेकड्यांनी अंडी घालणाऱ्या त्या बेडकीविषयी, एका अंड्यासाठी महिनोन्‌महिने तिष्ठणाऱ्या माझ्या मनात जी असूया दाटते, तिला वैद्यकात नाव नसावे.

माझ्या समदुःखी भगिनींनी पाळीचा हिशेब सोडून समागमाच्या दिवसापासून तीन आठवडे मोजावेत आणि सकाळच्या पहिल्या मूत्राची चाचणी करावी. रेषा एकच आली व पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी, अथवा रक्तातील बीटा एचसीजी तपासून घ्यावे. बीज सुटण्यासाठी एचसीजीचेच इंजेक्शन घेतले असेल, तर डॉक्टर सांगतील त्या मुदतीआधी पट्टीला हातही लावू नये, कारण ती त्या इंजेक्शनचीच साक्ष देईल. आणि गर्भ नसूनही तीन-तीन महिने पाळी येत नसेल, तर पट्ट्यांचा नाद सोडून डॉक्टरांकडे जावे; गर्भाशयाचे अस्तर या अवधीत जाड होत राहते, आणि त्याची दखल कोणतीही पट्टी घेत नाही.