दाताचा दवाखाना सांभाळावा कसा? (नवीन मॅनेजरांसाठी)

अभिनंदन! आजपासून फोन, वही, पैसे, लॅबचा पोऱ्या, बंद पडलेला कॉम्प्रेसर आणि डॉक्टरांचा मूड हे सगळं तुमचं. दात तेवढे डॉक्टरांचे.

सुरुवात फोनपासून. ‘थोडंसं दुखतंय’ म्हणणारा माणूस तीन रात्री झोपलेला नसतो, त्याला आजच बोलवा. ‘मरतोय हो’ म्हणणाऱ्याला मात्र शनिवारी संध्याकाळी सातचीच वेळ हवी असते. तोवर तो मरत नाही, हा अनुभव आहे. ‘एकच मिनिटाचं काम आहे’ असं कोणी म्हणालं, तर वहीत पाऊण तास अडवून ठेवा.

आता मुख्य धडा, रूट कॅनाल. तुमचा खरा प्रतिस्पर्धी गल्लीतला दुसरा दवाखाना नाही, थांबलेलं दुखणं आहे. पहिल्या सिटिंगला डॉक्टर आतली नस काढतात, वर तात्पुरतं सिमेंट भरतात आणि ठणका जातो. पेशंटच्या मते उपचार संपले. डॉक्टरांच्या मते ते आत्ता सुरू झाले, कारण कॅनाल नीट साफ करून भरायचे आहेत आणि वर कॅप बसवायची आहे. पेशंट गायब होतो. फोन केला तर ‘आता काहीच त्रास नाही ताई’ असं आनंदाने सांगतो. इकडे सिमेंट झिजतं, जंतू आत शिरतात आणि ऐन दिवाळीच्या आदल्या दिवशी गाल सुजवून तो दारात उभा राहतो. ‘तुमचं रूट कॅनाल फेल गेलं!’ यावर तुम्हाला जे बोलावंसं वाटेल ते बोलू नये. उपाय आधीच करायचा असतो. पहिल्या सिटिंगनंतर तोंड बधिर असतानाच पुढची तारीख द्या आणि कॅपचे निम्मे पैसे घ्या. त्या अवस्थेत माणसाला वाद घालता येत नाही.

दाढ काढायची असेल तर ‘जेवून या’ असं दोनदा सांगा. ऑपरेशन म्हटलं की लोक उपाशीपोटी येतात, त्यात चतुर्थी असली की बघायलाच नको. खुर्चीत बसल्या बसल्या चक्कर. कुठली गोळी चालू आहे का, हेही विचारा. काका ठामपणे ‘नाही’ म्हणतील. हाच प्रश्न शेजारी बसलेल्या काकूंना विचारा, म्हणजे पर्समधून बीपीची, शुगरची आणि रक्त पातळ करायची अशा तिन्ही पट्ट्या निघतील. ‘त्या रोजच्याच आहेत, त्यांना काय गोळ्या म्हणायचं?’ पट्ट्या तशाच आत पाठवा. अमुक बंद करा, तमुक चालू ठेवा, हे तुम्ही सांगायचं नाही.

दाढ निघाल्यावर कापूस अर्धा तास घट्ट दाबून धरायचा असतो. पेशंट मान हलवतो आणि जिन्यात पहिली पिंक टाकतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, याचा आपल्या जिन्याला अद्याप पत्ता नाही.

घाई करणाऱ्यांना ऑटोक्लेव्ह समजावत बसू नका. 121 अंशाची वाफ निदान पंधरा मिनिटं टिकावी लागते आणि मध्येच वीज गेली की पहिल्यापासून. ‘अवजारं उकळतायत’ एवढं पुरतं. जैविक कचऱ्याचे 2016 चे नियम भिंतीवर लावा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. मावशींना हे तुमच्यापेक्षा पाठ असतं. लाल पिशवीत चहाचा कप टाकणारे असतात ते डॉक्टरांचे मित्र.

कॅपचा रंग हा नाजूक विषय. शेड गाइडमध्ये सोळा छटा असतात आणि सगळ्यांना त्यातली सर्वांत पांढरी हवी असते. शेजारचे दात चहात पिकलेले, मध्ये एकच ट्यूबलाइट! आरसा हातात द्या आणि गप्प राहा. लग्न चार दिवसांवर असेल तर लॅबला ‘दोन दिवसांवर आहे’ असं सांगा, कारण तिकडे ‘उद्या’ला फार मोठा अर्थ आहे.

शेवटी बिल. मेडिक्लेममध्ये बसेल का, असा प्रश्न येईल. अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसींत दातांच्या ओपीडीचा खर्च नसतो, हे शांतपणे सांगा. ‘पलीकडे निम्म्यात करतात’ यावर नुसतं हसा. धोका वेगळाच आहे. डॉक्टर स्वतः बाहेर येतात, ‘काकांचं जरा बघा’ म्हणतात आणि आत जातात. महिनाअखेरीला तेच विचारतात, ‘कलेक्शन कमी कसं?’ म्हणून एक वेगळी वही करा, वर ‘सरांनी सोडलेले’ असं लिहा, तारीखवार रक्कम मांडा. ती त्यांच्या टेबलावर ठेवा आणि चहा सांगायला खाली जा.