चालकाशी बोलू नये

एसटीत ड्रायव्हरजवळ एक पाटी असते : 'चालकाशी बोलू नये'. ती प्रवाशांसाठी आहे असं आपण समजतो. तिचा खरा जाच ड्रायव्हरला होतो, आणि ड्रायव्हर निवृत्त झाला की त्याच्या शेजाऱ्यांना.

भाऊकाका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. साताऱ्यातली आमची इमारत, चौथा मजला, दाराला दार. काकांनी 31 वर्षं एसटी चालवली. पाठीमागं चाळीस-पन्नास माणसं अखंड बोलत असायची. पीकपाणी, सोयरिकी, भावकीतले दावे, कुणाच्या सुनेनं काय केलं. यांच्या वाट्याला नुसता कालवा यायचा आणि समोर काच. 2018 साली 58 पूर्ण झाली, डेपोत शाल-श्रीफळ मिळालं, काका घरी आले आणि बोलायला बसले. खरं तर बोलायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं चालवायला घेतली.

पहिलं वाक्य मिळालं 2019 च्या उन्हाळ्यात. लोकसभेची निवडणूक होती. राज ठाकऱ्यांचा पक्ष ती लढवत नव्हता, तरी सभा त्यांच्याच गाजत होत्या, कारण ते मध्येच थांबून 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणायचे आणि मागच्या पडद्यावर जुनी भाषणं सुरू व्हायची. महाराष्ट्रानं ते वाक्य महिनाभर वापरलं आणि टाकून दिलं. काकांनी ते उचललं जूनमध्ये. 'लाव रे तो पंखा.' 'लाव रे ती कडी.' लिफ्ट बंद पडली तेव्हा दुरुस्तीला आलेल्या पोराला ते पाच मिनिटं 'लाव रे ती लिफ्ट' म्हणत होते. सहाव्या मिनिटाला त्यानं पाने गोळा केले आणि तो जिन्यानं खाली उतरला. आम्ही आठ दिवस चौथा मजला चढत होतो.

ही काकांची खोड आहे. आयुष्यभर गाडी वेळेत नेण्याचा अभिमान बाळगलेला हा माणूस, पण शब्द त्यांच्याकडे मुक्कामी गाडीसारखा येतो. स्टँड रिकामा झालेला, चहाची टपरी मिटलेली, आणि मग हा शब्द धुरळा उडवत आत शिरतो. रात्रीचा मुक्काम करून सकाळी निघून जाईल तर तेही नाही.

'मी पुन्हा येईन'चंच बघा. फडणवीसांनी ते 2019 सालीच म्हटलं, त्या वर्षअखेर त्यावर विनोद करून करून लोक थकले. काका मात्र आमच्या घरून निघताना अजूनही उंबऱ्यावर वळतात, एक बोट वर करतात आणि म्हणतात, "मी पुन्हा येईन." खालच्या मजल्यावरच्या आजी गेल्या तेव्हा काका भेटून आले. तिथंही निघताना त्यांच्या तोंडून तेच आलं. आजींचा मुलगा अजून लिफ्टमध्ये काका दिसले की पायऱ्यांनी जातो.

2020 च्या टाळेबंदीत त्यांनी दारावर टकटक केली. मी घाबरून दार उघडलं. मास्क हनुवटीखाली घेऊन ते म्हणाले, "घरीच राहा, सुरक्षित राहा." एवढंच सांगायला आले होते. मग सोफ्यावर बसले. तासभर.

उर्दूत अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दाला तकियाकलाम म्हणतात. तकिया म्हणजे उशी, कलाम म्हणजे बोलणं. बोलणं जिथं मान टेकतं ती उशी. आपल्या पालुपदापेक्षा मला हा शब्द जास्त पटतो, कारण पालुपदाला निदान गाणं लागतं. साध्या माणसाची उशी जन्मभर एकच असते. आमचे एक मास्तर प्रत्येक वाक्याला 'काय समजलीव' लावायचे, तेही समजावण्यासारखं काही नसताना. त्या उशीची सवय होते, तिला त्यांच्या तेलाचा वास येतो. काका उशी बदलत नाहीत, दर हंगामाला नवा अभ्रा चढवतात. कापड लोकांचं, आणि तेही लोकांनी वापरून विटलेलं.

2022 च्या जूनमध्ये राज्यातले आमदार गुवाहाटीला जाऊन राहिले. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील तिथून फोनवर कार्यकर्त्याला म्हणाले, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. महाराष्ट्र हसला. खरं तर मीही दोन-चारदा म्हणून घेतलं. काकांपर्यंत ते नेहमीप्रमाणं पोचलं सप्टेंबरात, आणि नेमके आम्ही दोन्ही घरं मिळून कासला फुलं बघायला निघालो. कासच्या पठारावर जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम पापुद्रा असतो. म्हणून तर तिथं झाडं धरत नाहीत आणि घोट्याएवढी फुलं धरतात. काकांनी गाडीतून पाय खाली ठेवला, कमरेवर हात घेतले आणि मैलभर पसरलेल्या गवताकडे बघून म्हणाले, "काय झाडी!" डोंगराच्या आम्ही डोक्यावरच उभे होतो, तरी "काय डोंगार!" झालं. हॉटेल नजरेच्या टप्प्यात नव्हतं. काकांनी चारी दिशांना पाहिलं, शेवटी काकूंच्या हातातल्या डब्यावर नजर ठेवून तेवढंही उरकलं.

काकूंनी डबा उघडला नाही. त्यांनी डब्याच्या झाकणावर चमचा मारला. एकदाच. टण्.

काका तोंड मिटून गप्प झाले.

हे मी आधीही पाहिलं होतं, पण उलगडा त्या दिवशी झाला. एसटीत कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दिवसात शेकडो वेळा, 31 वर्षं. माणूस घरी आला, घंटी पायात राहिली. काकूंनी एकदा चमचा वाजवला की काकांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो आणि वाक्य आहे तिथं उभं राहतं. मी बारकाईनं पाहिलंय, चप्पल करकचते. दोनदा वाजवला की पुन्हा सुरू. काकू दोनदा क्वचितच वाजवतात.

या घंटीनंच पुढं एकदा काकांना वाचवलं. 'ओकेमध्ये' हा अभ्रा तेव्हा चालू होता. कसं काय? ओकेमध्ये. जेवलात? ओकेमध्ये. आम्ही विचारणं सोडून दिलं, आणि त्या दोन महिन्यांत त्यांचा डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी काकूंनी दवाखान्यात नेलं, मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय, कसं दुखतंय? काका म्हणाले, "समदं ओकेमध्ये." डॉक्टरांनी पेन उचललंसुद्धा. काकूंनी बांगडी काढली आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर एकदा आपटली.

काका थांबले. बराच वेळ थांबले. मग गुडघ्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "क्लच हाय ह्यो. एकतीस वर्षं दाबलाय. आता जिना उतरताना आत कुत्रं दात लावून बसतंय, आन् वरल्या पायरीवर सोडतंय." डॉक्टरांचं पेन तसंच राहिलं. ते म्हणाले, "परत सांगा." खंबाटकीचा घाट चढताना गाडी काय बोलते, पसरणीच्या वळणावर धुक्यात रस्ता कसा नाकानं हुंगावा लागतो, हे काकांनी त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या सांगितलं. पाऊण तासात एकही उसना शब्द नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते. निघताना मात्र त्यांनी नर्सला बोट दाखवलं. "मी पुन्हा येईन." गुडघ्याची अवस्था पाहता ते खरंच होतं.

2024 ला लाडकी बहीण योजना आली आणि काकांचं सगळं जग लाडकं झालं. लाडका पेपरवाला, लाडकी साखर, म्हणजे रक्तातली, लाडकं पेन्शन. "माझी लाडकी बायको," असं त्यांनी पाहुण्यांसमोर म्हटल्यावर काकूंनी हात पुढं केला. "द्या मग. महिन्याचे पंधराशे. मागची थकबाकी वेगळी." तो अभ्रा एका दिवसात उतरला. सरकारी शब्दाला खर्च असतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

हल्ली नातवाकडून 'विषय हार्ड' आलंय. नातवाच्या वर्गातून ते केव्हाच हद्दपार झालंय, हे त्यानं आजोबांना सांगितलेलं नाही. मी काकूंकडं कुरकुर केली. म्हटलं, "खरं तर तुम्हीच आवरायला हवं. खरं तर लोक वैतागतात, पण खरं तर कुणी तोंडावर बोलत नाही." काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी ताटलीवर विळीची मूठ एकदा टेकवली आणि माझ्याकडं बघितलं.

गेल्या महिन्यात काकू नाशकाला लेकीकडं गेल्या आणि त्याच रविवारी सोसायटीची वार्षिक सभा लागली. पार्किंगमध्ये सतरंजी, पाण्याच्या टाकीची गळती, वर्गणी वाढवायची की नाही. सेक्रेटरींनी "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारलं आणि जीभ चावली, पण काका उठलेच. "विषय काय आहे, तर विषय हार्ड आहे. टाकीचा विषय हार्ड, पाण्याचा विषय हार्ड..." दहा मिनिटं झाली. लोक माझ्याकडं बघू लागले, कारण समोरचं दार माझं. मी खिशातून घराची किल्ली काढली आणि पाण्याच्या स्टीलच्या जगावर एकदा वाजवली.

टण्.

काकांचा उजवा पाय दाबला गेला. 'हार्ड'मधला ड अर्धाच बाहेर आला. ते खुर्चीत बसले आणि समोर बघू लागले, थांब्यावर माणसं चढताना ड्रायव्हर बघतो तसे. सेक्रेटरींनी घाईघाईनं ठराव वाचायला घेतला. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, टाकी जवळजवळ मंजूरच झाली होती, तेवढ्यात टपरीवरचा पोरगा चहा घेऊन आला. त्यानं काचेच्या ग्लासांचा ट्रे टेबलावर जरा जोरात टेकवला आणि कडेचे दोन ग्लास एकमेकांवर आपटले.

टिण् टिण्.

काकांचा डावा पाय हळूच दबला, आणि डावा हात गुडघ्याशेजारच्या हवेत पुढं सरकला. पहिला गिअर पडला होता.