निब सोन्याची, वही कोरी

फाउंटन पेन परत आलंय म्हणे. गेलं कुठे होतं? पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या काचेच्या कपाटांत ते निमूट पडून होतंच. परत आलंय ते गिऱ्हाईक. तेही पहिलं पेन घ्यायला नाही, सतरावं घ्यायला.

शौकीन ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या हातात पेन द्या. तो टोपण काढेल, निब डोळ्यांजवळ नेईल, उजेडात फिरवेल आणि विचारेल, ‘फाइन की एक्स्ट्रा फाइन?’ यानं तुम्ही लिहिता काय, असं त्याला विचारू नये. माणूस दुखावतो.

उत्तर तसं सगळ्यांना ठाऊक आहे. तो आधी स्वतःचं नाव लिहितो. त्याखाली पेनाचं नाव. त्याखाली शाईचं नाव. मग फोटो.

झाली साहित्यसेवा.

आता सोन्याच्या निबेचं घ्या. जुन्या शाया आम्लधर्मी असत, पोलाद खात. सोनं गंजत नाही, म्हणून 14 कॅरटची निब. कारण चोख होतं. पुढे न गंजणारं पोलाद आलं, शायाही सौम्य झाल्या. कारण संपलं, किंमत तेवढी राहिली.

आणि कागदाला टेकतं ते सोनं नसतंच. सोनं मऊ, घासून झिजायचं. म्हणून टोकाला कठीण मिश्रधातूचा मोहरीहून बारीक मणी जोडतात आणि लिहितो तो. म्हणजे मिरवायला एक आणि राबायला दुसरा. कचेरीत नोकरी केलेल्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

स्वस्तातल्या निबांवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असं झोकात कोरलेलं असतं. त्यात इरिडियम सहसा नसतं. जर्मनीही बरेचदा नसते. पॉइंट तेवढा असतो.

शाळेत शाईचे रंग तीन होते. निळा, काळा आणि बाईंचा लाल. जपानच्या पायलट कंपनीनं 2007 मध्ये ‘इरोशिझुकू’ नावाच्या शाया काढायला सुरुवात केली. त्यांत आकाशाचा निळा वेगळा, खोल समुद्राचा वेगळा, चांदण्या रात्रीचा आणखी वेगळा. शौकीन तिन्ही बाटल्या घेतो. आणि बँकेत सही करायची वेळ आली की काउंटरवरचं, दोरीनं बांधलेलं बॉलपेन उचलतो.

नुसत्या रंगावर भागत नाही. शाईला झाक हवी, छटा हवी, आता तर चमचमही हवी. चमचमीची शाई पेनात गाळ धरते. मग निब काढा, निबेखालची जीभ काढा, कोमट पाण्यात घाला, पिचकारीनं धुवा, उपडं करून वाळवा. रविवार त्यात जातो. लिहिणार कधी? सोमवारी ऑफिस असतं.

हिरव्या शाईच्याही आता डझनावारी छटा मिळतात. आम्हाला एकच माहीत होती. साहेबांच्या सहीची. ती उमटेपर्यंत मार्कशीटची झेरॉक्स ही नुसती झेरॉक्स असायची. इतकी वजनदार शाई जपान्यांनाही जमलेली नाही.

टिकाऊपणाचंही तेच. पुण्यातल्या पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रं बघा. काजळीची शाई, बोरूची लेखणी, वर वाळवायला चिमूटभर वाळू. अडीचशे वर्षं झाली तरी काळं ते काळंच. आपल्या उंची बाटल्यांतल्या बहुतेक शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या असतात. पावसाचा एक थेंब पडला की कविता साफ. अर्थात काजळीची शाई फाउंटन पेनात भरली तर पेन तुंबेल, हेही खरं. पण त्या कारकुनाकडे लिहायला काहीतरी होतं, हे त्याहून खरं.

कागदाचे तर आणखी लाड. कागद जाड म्हणजे चांगला, असा एक समज. ‘शंभर जीएसएमचा आहे का?’ असं दुकानदाराला दरडावून विचारायचं. शौकिनांच्या देव्हाऱ्यातला जपानी तोमोए रिव्हर कागद 52 जीएसएमचा, म्हणजे आपल्या झेरॉक्सच्या कागदाहून पातळ. तरी त्यावर शाई फुटत नाही, पाठीमागे उतरत नाही. गुण जाडीचा नसतो, कागदाला दिलेल्या खळीचा असतो. कपड्यांच्या बाबतीत हे आजीला कळत होतं.

फक्त त्या कागदावर शाई लवकर वाळत नाही. उलट्या हातानं पुसली की अख्खी ओळ पांगते. शाळेत आम्ही ओल्या शाईवर खडू फिरवत होतो. टीपकागद होण्याचा मान त्याला विनामूल्य मिळाला होता. आणि पेन चालतंय का, हे झटकून बघायला पुढच्या बाकावरचा शर्ट होता.

जपानचंच वेड असेल तर एक बातमी देतो, जुनीच आहे. 1931 मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘घोडा छाप’ शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली. त्यातून कॅम्लिन उभी राहिली आणि मराठी मुलांच्या तीन पिढ्यांची बोटं तिनं निळी केली. 2011 मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीनं तिच्यात मोठा हिस्सा घेतला. तेव्हा चहा-वड्याच्या पैशांत मिळणारी कॅम्लिनची उंट छाप दौत घेऊन या.

घ्या, जपानी शाई.

आता गांधीजी. त्यांना यात ओढायचं कारण नव्हतं, पण ओढणारे आधीच होऊन गेलेत.

आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्री आहे. तिथल्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या भरात देशी पेन बनवलं आणि गांधीजींकडे पोचवलं. गांधीजींनी ते वापरून पाहिलं आणि 1935 मध्ये तसं पत्र पाठवलं. बाजारातल्या विलायती पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, एवढाच त्याचा मतलब. दोन ओळींची पावती. राजमहेंद्रीचं नाव पेनांच्या दुनियेत अजून निघतं ते तिच्यामुळे.

2009 मध्ये माँ ब्लाँ कंपनीनं ‘महात्मा गांधी’ पेन काढलं. सोन्याची निब, तीवर काठी घेतलेले बापू कोरलेले. अंगाभोवती सोन्याची तार गुंडाळलेली, चरख्याच्या सुताची आठवण म्हणून. दांडीयात्रा 241 मैलांची, म्हणून पेनं 241. किंमत एकेकाची अकरा लाखांवर.

मिठासाठी चाललेल्या माणसाच्या नावानं.

केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली. राष्ट्रपित्याचं नाव आणि चित्र धंद्यासाठी वापरायला कायद्यानं बंदी आहे, असा मुद्दा. 2010 मध्ये कंपनीनं भारतातली विक्री थांबवली. कोर्टकज्ज्यातही एका प्रश्नाकडे कुणी फिरकलं नाही. त्या 241 पेनांपैकी किती पेनांत शाई भरली गेली असेल? फार तर एक. तेही चुकून.

एवढी टीका केली, आता श्रेयही द्यायला हवं. एबोनाईटची कांडी लेथवर चढवून पेन घडवणारे कारागीर या देशात अजून आहेत. एबोनाईट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. नवं पेन तळहातावर घासून हुंगा, गंधकाचा वास येतो. त्यात कन्व्हर्टर नसतो, काडतूस नसतं. ड्रॉपरनं थेट पोटात शाई भरायची. आटे नेमके बसतात, त्यावर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं की थेंब बाहेर येत नाही. शाई निम्म्याखाली गेली की मात्र हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि एक टपोरा थेंब बरोब्बर सहीवर पडतो. तरी हे पेन घ्यावं. विलायती पेनाच्या डबीच्या किमतीत येतं. डबी मिळत नाही, एवढंच.

शौकिनाला ते पुरत नाही. त्याला सुलेखनाची चपटी निब हवी. ती कापलेली असते रोमन अक्षरांसाठी. देवनागरीच्या बोरूचा छेद उलट तिरका असतो, त्यामुळे या निबेनं ‘क’ काढला की जाड तिथे बारीक आणि बारीक तिथे जाड. मग म्हणायचं, आमची लिपीच अवघड. निब कशाला बदलायची? लिपी बदलू.

राहता राहिली वही. कापडी बांधणीची, शिवलेली, रेशमी खूणफितीची. हिच्यात काय लिहिणार? किराणा? छे, एवढ्या चांगल्या वहीत किराणा लिहितात का! रोजनिशी? अक्षर बिघडलं तर? कविता? सुचली पाहिजे. म्हणून वही कपाटात जाते. तिच्या सोबतीला दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा चांगली, म्हणजे लिहिण्याच्या दृष्टीनं आणखी निरुपयोगी.

‘स्क्रीनपासून सुटका’ म्हणून हा छंद धरला, असं हे लोक सांगतात. सुटका कसली? पेनाचे व्हिडिओ बघायला रात्रीचे दोन वाजतात. हातानं लिहिलं की नीट लक्षात राहतं, असंही सांगतात. राहत असेल. पण लिहिलंच नाही तर काय लक्षात राहणार, पेनाची किंमत?

छंदाला आमची ना नाही. पैसे तुमचे, बोटं तुमची, डाग तुमच्या शर्टाचा. फक्त एक करा. आज रात्री त्या कपाटातली सगळ्यात महाग वही काढा, सगळ्यात महाग पेनात शाई भरा आणि पहिल्याच पानावर दूधवाल्याचा हिशेब लिहा. खाडाखोड होऊ द्या. एकदा पहिलं पान नासलं की उरलेली वही वापरता येते.